सालीखालचं साल

सरांनी अंगठा जिभेवर टेकवला, चांगला ओला केला, आणि नुकत्याच बाहेर काढलेल्या लाकडाच्या कांडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

एवढंच झालं. गेली पंचवीस वर्षं सर हे करत आले होते आणि गेली पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली ती ते बघत आली होती. जुन्या घराच्या तुळईत पोकळ गिरमिट घालायचं, पेन्सिलीएवढी बारीक कांडी बाहेर काढायची, आणि तिच्यावरची, वर्षाला एक अशी पडलेली वलयं नीट दिसावीत म्हणून ती ओली करायची, हा जुन्या लाकडाचं वय काढायच्या त्यांच्या कामातला रोजचा उद्योग. ओलं करायला पाणी असतं. तिच्या पिशवीत पाण्याची लहान बाटली असते, मऊ कुंचला असतो, आणि हे दोन्ही सरांना माहीत असतं. पण सरांचा भरवसा थुंकीवर. पाण्यानं लाकूड नुसतंच भिजतं, थुंकीनं रेघ उठून दिसते, असं ते नव्या मुलांना सांगायचे आणि मुलं हसायची. तीही हसत आली होती. आज मात्र शिडीवर उभ्या उभ्या तिच्या पोटातून काहीतरी घशापर्यंत वर आलं. ओल्या कांडीवर सरांच्या थुंकीचा एक बारीक बुडबुडा राहिला होता आणि तो काही केल्या फुटेना. ती त्याच्याकडेच बघत राहिली. तिला शिसारी आली. आणि ज्या माणसानं आपल्याला या कामातलं सगळं शिकवलं त्याचीच शिसारी येतेय हे लक्षात आल्यावर ती आणखी वाढली.

घर तीन मजली, लाकडी सांगाड्याचं, लाकडांच्या मधे माती भरून वर गिलावा केलेलं. वरचा मजला खालच्यापेक्षा जरा पुढे आलेला, जणू रस्त्यावर काय चाललंय ते बघायला वाकलाय. येणाराजाणारा तिथे हमखास थबकतो, कारण दारावर पितळी पाटी आहे: शहरातलं सगळ्यात जुनं घर, आणि त्याखाली साल. ते साल सरांनी काढलेलं. तीस वर्षांपूर्वी याच तुळईत त्यांनी गिरमिट घातलं होतं आणि तुळईच्या वरच्या अंगाला त्यांना तळहाताएवढा सालीचा तुकडा सापडला होता. साल सापडणं ही त्यांच्या कामातली लॉटरी. कारण साल शिल्लक असेल तरच तिच्याखालचं वलय झाडाच्या आयुष्यातलं शेवटचं आहे, असं छातीठोकपणे सांगता येतं. सुतारानं तासताना साल काढून टाकली असेल, तर तिच्याबरोबर किती वलयं गेली ते देवालाही ठाऊक नसतं. मग 'या सालानंतर कधीतरी' असं लिहून गप्प बसावं लागतं. सरांना 'कधीतरी' या शब्दाचा भयंकर तिटकारा. "साल नाही तर साल नाही," हा त्यांचा आवडता विनोद, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. कॉलेजात असताना तिनं ही पाटी वाचली होती. एका लाकडाच्या तुकड्यावरून कुणीतरी नेमकं साल सांगतं या गोष्टीनं ती इतकी भारावली होती की दुसऱ्या दिवशी पत्ता शोधत सरांच्या दारात जाऊन उभी राहिली. पाटी नसती तर ती आज बँकेत असती, असं तिची आई अजून म्हणते.

आता त्या पाटीचं काही खरं नव्हतं. घराच्या जमिनी खचल्या म्हणून डागडुजी सुरू झाली, तेव्हा आतली आणखी चार आडवी लाकडं उघडी पडली. तिनं त्यांच्या कांड्या काढल्या, घासल्या, सूक्ष्मदर्शकाखाली वलयांची रुंदी मोजून साल ठाऊक असलेल्या जुन्या नोंदींशी ताडून बघितली. चारही लाकडं पाटीवरच्या सालापेक्षा सत्तर-ऐंशी वर्षांनी पुढची निघाली. याचे दोन अर्थ होत होते. एक, घर सर म्हणतात तितकंच जुनं आहे आणि ही चार लाकडं मागाहूनच्या दुरुस्तीतली आहेत. दुसरा, घर या चार लाकडांइतकंच जुनं आहे आणि सरांची तुळई दुसऱ्याच कुठल्यातरी मोडलेल्या घरातून उचलून इथे बसवलेली आहे. कुठला अर्थ खरा ते तुळईचं भिंतीतलं टोक उघडं केल्याशिवाय कळणार नव्हतं. ते काम आज होतं. गवंडी दुसऱ्या शिडीवर छिन्नी घेऊन बसला होता, सरांच्या समाधानासाठी तुळईची एक ताजी कांडी काढून झाली होती, आणि दुपारनंतर प्रयोगशाळेच्या संचालकबाई स्वतः बघायला येणार होत्या.

संचालकबाईंनी परवाच तिला जिन्यात गाठलं होतं. त्यांच्या अंगाला कसल्याशा अत्तराचा गोडमिट्ट वास येत असे, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची त्यांना सवय होती. "हे बघा, सर आपले आदरणीय आहेतच," त्या म्हणाल्या, "पण निवृत्तीचं वय उलटल्यावर मुदतवाढ कितीदा द्यायची? तुम्ही निर्भीडपणे काय ते सांगा. पाटीवरचं साल चुकलं असेल तर मग मला वरती बोलायला तोंड मिळेल. प्रयोगशाळेला आता तरुण रक्त हवंय." तरुण रक्त पन्नाशीला टेकलं होतं, गुडघ्याला पट्टा बांधत होतं आणि जिन्याखालच्या, खिडकी नसलेल्या कोंदट खोपटात लाकूड घासायच्या यंत्राशेजारी बसत होतं. रात्री नाक शिंकरलं की भुसा निघे. सरांच्या खोलीला मोठी खिडकी होती. बाईंनी दंड दाबला आणि त्या निघून गेल्या, पण तो वास तिच्या बाहीला संध्याकाळपर्यंत चिकटून राहिला. घरी गेल्यावर तिनं ते कपडे वेगळे भिजत घातले.

"हे बघ," सर आता शिडीखालून म्हणत होते, "काय फुगलीत बघ लेकाची."

तिनं वाकून बघितलं. कांडीवरची सुरुवातीची वलयं अगदी दाटीवाटीनं बसलेली, कुठे एक संपतं नि दुसरं सुरू होतं ते कळत नव्हतं. मग एकाएकी ती रुंद झाली होती. एक, दोन, आणि पुढे सगळीच. थुंकी वाळत आली होती तशा कडा पुन्हा धूसर होत होत्या.

"चांगली वर्षं दिसतायत," गवंडी तिकडून म्हणाला. त्याला गप्पांचा षोक होता. "पाऊसपाणी झकास झालं असणार."

"पाऊसपाणी कसलं डोंबलाचं," सर म्हणाले. "शेजारचं झाड पडलं. किंवा पाडलं कुणीतरी. त्याचं ऊन याला, त्याचं पाणी याला. उरलेल्याची चंगळ."

"म्हणजे आमच्या भावकीसारखंच की," गवंडी म्हणाला आणि खो खो हसला. सरही हसले. हसताना त्यांनी अंगठा पुन्हा जिभेला लावला आणि तिनं मान फिरवली.

हेच वाक्य सरांनी तिला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, सर मागे उभे होते, आणि तिनं अशीच, गवंड्यासारखीच, बावळटपणे विचारलं होतं की या झाडाची ही वर्षं सुखाची गेली असतील, नाही का. तेव्हा सर म्हणाले होते, उरलेल्याची चंगळ. ती उठली, शांतपणे दार उघडून बाहेर गेली आणि मोरीत भडाभडा ओकली. सरांना वाटलं, कांड्या चिकटवायच्या डिंकाचा वास बाधला; त्यांनी दुसऱ्या दिवसापासून डिंक बदलला. तिनं त्यांना कधी खरं सांगितलं नाही. सांगायचं तरी काय होतं? लोक येतात, वलयांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, झाड कसं सगळं लक्षात ठेवतं, नाही? डोळ्यांत पाणीबिणी आणतात. तिला त्या बोलण्याचा वीट आला होता. झाड कसलं लक्षात ठेवतंय. झाड खातं. मिळालं तेवढं खातं आणि किती खाल्लं ते त्याच्या अंगावर दिसतं. शेजारी कोण होतं, कसं पडलं, त्याचा आवाज झाला का, यातलं काहीएक कांडीवर उमटत नाही. उमटतं ते एवढंच, की त्यानंतर याचं बरं चाललं.

तिला एक बहीण होती. थोरली. चार वर्षांनी मोठी, काटकुळी, सदा नाक वाहणारी. शाळेला निघताना ती धाकटीला दारात उभी करायची, अंगठा जिभेवर ओला करायची आणि धाकटीच्या ओठांवरची दुधाची मिशी खसाखसा पुसायची. मग गालावरचा शाईचा डाग, मग भुवई. तिच्या थुंकीला शिळा, आंबूस वास यायचा आणि तो पहिला तास संपेपर्यंत तोंडावर राहायचा. धाकटी डोळे घट्ट मिटून ओरडायची, "शी! घाण!" थोरली म्हणायची, "घाण तुझ्या तोंडाला आहे, माझ्या अंगठ्याला नाही," आणि आणखी जोरात पुसायची. मग एका तापात थोरली गेली. आजारपण लांबलं नाही. ज्या घरात दोघींना धड काही पुरत नव्हतं, त्या घरात एकीला सगळं पुरून उरायला लागलं. खिडकीकडचा पलंग. जाड गोधडी. चांगलं दप्तर. वडिलांनी दोघींना साध्या शाळेत घातलं होतं, त्यांनी धाकटीला चांगल्या शाळेत नेलं. त्या वर्षी तिचे सगळे फ्रॉक तोकडे झाले. भेटायला येणाऱ्या बायका आईसाठी डोळे पुसायच्या आणि जाता जाता धाकटीच्या गालाला चिमटा काढून म्हणायच्या, "पोरीनं बाळसं मात्र छान धरलंय हो." त्या बोटांना तेलाचा वास यायचा. तिला आपल्या गालांची किळस वाटायची, आणि तरी ते गाल वाढतच होते.

आणि दूध. थोरली गेल्यावर आईनं सवयीनं दोन कप ओतले. दोन्ही कप टेबलावर होते, आई त्यांच्याकडे बघत उभी होती, आणि मग म्हणाली, "आता टाकायचं कसं? तूच पी दोघींचं." त्या दिवशी झालं ते रोजचं झालं. पहिला कप गरम असायचा. दुसऱ्याकडे वळेपर्यंत तो कोमट झालेला असे आणि त्यावर जाड साय धरलेली असे, सुरकुतलेली, पिवळट. ती ओठाला चिकटायची आणि घशात जाताना तिचं एक टोक मागे तोंडातच राहायचं. एकदा, फक्त एकदा, धाकटीनं "मला नको" म्हटलं होतं. आई रागावली नाही. कप हातात धरून तिच्यासमोर नुसती उभी राहिली, साय आणखी जाड होईपर्यंत. शेवटी धाकटीनं तो घेतला आणि तोंडाला लावला. पुढे नको म्हणायची तिची टाप झाली नाही, आणि खरं सांगायचं तर काही महिन्यांनी तिला दुसऱ्या कपाचीही भूक लागू लागली. शिसारी त्याची होती. सायीची नव्हे.

"मॅडम, इकडे बघा काय निघालंय!" गवंडी ओरडला.

गिलाव्याची मोठी खपली खाली पडली होती आणि धुरळा खाली बसत होता. तुळईच्या टोकाशी, भिंतीच्या बाजूला, एक पोकळी उघडी पडली होती आणि ती गच्च भरलेली होती. गवंड्यानं बिनदिक्कत बोटं घातली आणि एकेक बाहेर ओढायला लागला: केसांचे पुंजके, चावलेल्या चिंध्या, कागदाचा भुगा, काळ्या लेंड्या, आणि शेवटी चपटं, वाळून कडक झालेलं उंदराचं एक पिल्लू. ते त्यानं शेपटीला धरून तिला दाखवलं. "घरमालक," तो म्हणाला. वास जुना होता, गोडसर, कुबट. तिनं नाकाला रुमाल लावला आणि तशीच पुढे वाकली, कारण घरट्यामागे तिला एक सरळ कड दिसली होती.

ती खाच होती. चौकोनी, कोपरे सुबक कापलेले, दुसऱ्या लाकडाचं टोक नेमकं आत बसावं अशी. आणि तिच्यात बसणारं लाकूड इथे कुठेच नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, असणं शक्यच नव्हतं. खाचेच्या समोर शेजारच्या घराची दगडी भिंत होती. कुणी सुतार भिंतीकडे तोंड करून खाच पाडत नाही. ही खाच दुसऱ्या एका घरात पाडलेली होती, तिथे तिच्यात कुणीतरी बसलेलं होतं, आणि ते घर मोडल्यावर ही तुळई एकटी इथे आली होती. म्हणजे साल बरोबर. झाड त्याच साली पाडलेलं, सालीखालचं वलय खोटं बोलत नव्हतं. फक्त ते साल या घराचं नव्हतं. पाटी चूक होती.

आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती खिडकी. खाच नाही, सर नाही, पाटी नाही. सरांच्या खोलीची मोठी खिडकी, तिच्यातून टेबलावर पडणारं ऊन, आणि त्या उन्हात मांडलेला आपला सूक्ष्मदर्शक. छातीत ऊब पसरली. चांगलीच सुखाची ऊब होती ती, आणि ती पसरून होईपर्यंत तिला थांबवता आलं नाही.  तिनं शिडीची कड घट्ट धरली. अजूनही तेच, तिला वाटलं. अजूनही कुणीतरी पडल्याशिवाय आपल्याला ऊन मिळत नाही, आणि मिळालं की आपण लाज न वाटता त्याच्याकडे तोंड करतो.

"काय गं?" सरांनी विचारलं.

"घरटं आहे उंदरांचं."

"आणि?"

ती एक पायरी खाली सरकली. सर तिला खाली उतरायला लावून स्वतः चढले, एकेका पायरीवर थांबत. वर जाऊन त्यांनी बघितलं नाही; बोटं आत घातली आणि आंधळ्यासारखी खाचेच्या कोपऱ्या-कोपऱ्यांतून फिरवली. मग ते उतरले, लेंड्या लागलेली बोटं पँटला पुसली आणि सिमेंटच्या पोत्यावर बसले. "जेवून घेऊ," ते म्हणाले.

जेवण म्हणजे दोघांचंही एकच, पाव आणि उकडलेली अंडी. साइटवर हात धुवायचे वांधे असतात म्हणून हा मेनू सरांनीच कधीकाळी ठरवलेला. गवंडी बाहेर विडी ओढायला गेला. सरांनी अंडं सोललं, आपल्याच काळ्या बोटांनी, आणि न खाता हातात धरून बसले. पांढऱ्यावर बोटांचे ठसे उमटले होते. तिला त्या अंड्याकडे बघवेना. तिनं आपला डबा उघडलाच नाही.

"तुला दिसलं ना?" सर म्हणाले.

"हो."

"मग सांग तसं. बाई येतीलच आता."

"सर, तेव्हा त्याच्यावर गिलावा होता. कुणालाच दिसलं नसतं."

"दिसलं नसतं. पण विचारता आलं असतं की, हे लाकूड पहिल्यापासून इथलंच का म्हणून." त्यांनी अंडं परत डब्यात ठेवलं. "सालीनं घात केला माझा. साल मिळाली म्हटल्यावर मला बाकी काही सुचलंच नाही. साल नसती ना, तर मी शंभर शंका काढल्या असत्या. तुझ्यासारख्या पोरांना सांगत बसलो, साल नाही तर साल नाही. अरे, पण साल आहे म्हणून घर थोडंच आहे?" ते जरा हसले आणि त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. "हे तू खा. मला नको झालंय."

"मलाही नको, सर."

"राहू दे मग पिशवीत. टाकू नको."

तिनं तो डबा घेतला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, कारण त्यांनी तो अगदी सहज पुढे केला होता आणि तिनं अगदी सहज घेतला होता. तिला वाटलं, उठावं आणि डबा त्या उंदराच्या पिल्लाशेजारी रिकामा करावा. तिला वाटलं, एकदा तरी, या जन्मात एकदा तरी, समोर आलेला दुसरा कप नको म्हणायचा. मला नको ती खिडकी. मला नको ते ऊन. ती हे ठरवत असताना आईचा फोन आला. आई ऐंशीच्या पुढची, रोज या वेळी फोन करते. "धाकटे, जेवलीस का?" आईनं विचारलं. नंतर जेवते, असं सांगून तिनं फोन ठेवला. धाकटी. थोरली जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कुणाला तो शब्द बदलायचं सुचलं नव्हतं. कुणाची धाकटी? शब्दाच्या एका बाजूला खाच होती आणि तिच्यासमोर नुसती भिंत.

संचालकबाई यायच्या आधी त्यांचा वास आला. धुळीतून, चुन्यातून, उंदरांच्या कुबट वासातूनही तो आला आणि सगळ्यांवर पसरला. त्यांनी चपला जपत जपत पाय टाकले, सरांना लवून नमस्कार केला, तुळईकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

"तर? साल बरोबर आहे का?"

प्रश्न तसाच आला, त्या शब्दांत. त्यांनी 'घर तितकं जुनं आहे का' असं विचारलं असतं तर तिला काय सुचलं असतं कोण जाणे. तिनं वर बघितलं. खाच इथून दिसत नव्हती; दिसत होता तो फक्त अंधार. गवंडी दारात उभा होता, पण त्याला खाचेतलं काही कळत नव्हतं. सर पोत्यावर बसून चष्मा पुसत होते.

"साल बरोबर आहे," ती म्हणाली.

बाईंचा हात दंडावर सैल पडला. त्या हिरमुसल्या, ते त्यांना लपवता आलं नाही. आणि तिला वाटलं, झालं. म्हटलं मी एकदा नको. एक शब्दही खोटा न बोलता म्हटलं. तिनं श्वास घेतला, पण तो पुरता आत जायच्या आत सरांचा आवाज आला.

"शी!"

त्यांनी चष्मा घातला होता आणि ते तिच्याकडे बघत होते. पंचवीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. कांडीत कीड निघाली की ते असं तोंड करत.

"बाई," ते म्हणाले, "ती शब्दात पकडतेय तुम्हाला. साल बरोबर आहे, घर चूक आहे. तुळई दुसरीकडची, वापरलेली. वर चढून हात घाला, खाच लागेल. पाटी काढा." मग तिला, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "माझ्यापायी हे असलं बोलायचं नाही. घाण वाटते मला."

बाईंचा चेहरा एका क्षणात फुलला आणि पुढच्याच क्षणी त्यांनी तो दुःखी केला. इतकं सराईतपणे केलं की गवंडीसुद्धा बघत राहिला. त्या सरांच्या प्रामाणिकपणाबद्दल बरंच काही बोलल्या. निरोप समारंभ दणक्यात करू म्हणाल्या. जाताना त्यांनी तिचा दंड पुन्हा दाबला, दोनदा, आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "तुमचा मोठेपणा मी लक्षात ठेवीन हं."  सत्य सांगितलं असतं तर निदान तिनं ते सांगितलं असतं. आता खोटंही तिचं होतं आणि खोलीही तिचीच झाली होती.

सगळं गाडीत भरून झालं. सर गाडीत बसले नाहीत. "मी चालत जातो, जरा पाय मोकळे होतील," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, खोलीची, जुन्या दोऱ्याला बांधलेली, आणि गाडीच्या काचेतून तिच्या मांडीवर टाकली. राग गेला होता त्यांचा, किंवा दिसत नव्हता. "खिडकी अडकते," ते म्हणाले. "हातानं नाही उघडत. खालच्या कोपऱ्यात एक लाथ घाल." एवढं बोलून ते निघाले. पाटीखालून गेले, मान वर न करता, आणि कोपऱ्यावर वळले.

ती गाडीत बसून राहिली. दोरा तेलकट होता, कितीतरी वर्षांच्या घामानं काळा पडलेला. किल्ली उचलून पिशवीत टाकावी असं तिला वाटत होतं आणि हात लावायची किळस वाटत होती. सरांचा 'शी' कानात होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दारात उभं राहून, डोळे मिटून, तोच शब्द ती रोज कुणाच्यातरी तोंडावर मारत असे. ते आठवून रडू येईल असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. रडू आलं नाही. त्याऐवजी लक्षात आलं, की आपण मघापासून मनातल्या मनात टेबल सरकवतोय. भिंतीला लावलं तर उजेड मागून येईल, सावली पडेल. खिडकीला आडवं लावलं तर डावीकडून ऊन येईल. सूक्ष्मदर्शकाला तेच बरं. घासायचं यंत्र मात्र जिन्याखालीच राहू दे, त्याच्याशेजारी दुसऱ्या कुणालातरी बसवता येईल. शी, ती मोठ्यानं म्हणाली. आणि पुन्हा टेबलाकडे वळली.

फोन वाजला.

"धाकटे, जेवलीस का मग?"

तिनं पिशवीत हात घातला. वरच सरांचा डबा लागला. झाकण उघडल्या उघडल्या वास आला. अंडं गार पडलं होतं, पांढऱ्यावर सरांच्या बोटांचे काळे ठसे होते. तिनं ते तसंच तोंडात घातलं, अर्धं तोडलं. मधल्या पिवळ्याभोवती हिरवट कडं धरलेलं होतं.

"जेवतेय," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"पोटभर जेव गं. टाकू नकोस काही."

"नाही टाकत."

ओठाला काहीतरी चिकटलं होतं. तिनं अंगठा जिभेवर ओला केला आणि ते पुसलं. सकाळपासून तिच्या पोटात मळमळत होतं, अजूनही मळमळत होतं, आणि तिला सपाटून भूक लागली होती. तिनं सरांचा डबा संपवला आणि मग आपला उघडला.